डॉ. ताहा हुसेन : अंध बालक ते शिक्षणमंत्री

एका वर्गात बसलेली सगळी मुले एकाच रीतीने शिकत नाहीत. कोणाला पाहून कळते, कोणाला ऐकून. कोणी एकदा सांगितले की उचलतो, तर कोणाला तीच गोष्ट चार वेळा समजावून द्यावी लागते. कोणाच्या घरी पुस्तकांचे कपाट असते, तर कोणी आपल्या घराण्यात शाळेची पायरी चढणारा पहिलाच असतो. असे मूल मागे पडले म्हणजे त्याला मठ्ठ ठरवून आपण मोकळे होतो. त्याला शिकविण्याची वाट आपणच चुकलो असू, हा विचार फार थोड्यांच्या मनात येतो. इजिप्तचे थोर साहित्यिक आणि शिक्षणमंत्री डॉ. ताहा हुसेन यांचे चरित्र पालक बंधुभगिनींनी आणि विद्यार्थी मित्रांनी या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

ताहा हुसेन यांचा जन्म नोव्हेंबर १८८९ मध्ये इजिप्तच्या दक्षिणेकडील मिन्या प्रांतात, मघाघा गावाजवळच्या एका लहानशा वस्तीत झाला. वडील साखर कंपनीत साधी नोकरी करीत. मिळकत बेताची आणि घरात तेरा मुले. त्यांत ताहा सातवा. तो सुमारे तीन वर्षांचा असताना त्याचे डोळे आले. त्या काळी तिकडच्या खेड्यापाड्यांतून डोळ्यांचे विकार नेहमीचेच होते. दुखणे आपोआप बरे होईल म्हणून घरच्यांनी काही दिवस तसेच जाऊ दिले. मग गावच्या न्हाव्याला बोलावले. त्याने आपल्या परीने उपचार केला आणि त्या उपचारात मुलाची दृष्टी कायमची गेली. याच घरात पुढे ताहाची चार वर्षांची धाकटी बहीण वैद्याविना तापाने दगावली. आईबापांचे मुलांवर प्रेम नव्हते असे नाही. प्रेम होते, पण अज्ञानही होते आणि दवाखाना दूर होता. आपल्या आयुष्यातील हे पहिले दुःख ताहा हुसेन यांनी पुढे लिहून ठेवले, ते कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. खेड्यातल्या मुलांचे असे किती नुकसान होते ते लोकांना कळावे, म्हणून लिहिले.

आंधळ्या मुलाला घरात माया मिळे, पण त्या मायेत कीव मिसळलेली असे. भावंडांना जे करण्याची मोकळीक होती, ते त्याला नव्हते. एके दिवशी सर्वजण जेवायला बसले असता, नेहमीप्रमाणे एका हाताने घास न घेता दोन्ही हातांनी घ्यावा असे त्याच्या मनात आले. त्याने तसे केले. भावंडे खो-खो हसली, आईच्या डोळ्यांत पाणी आले, वडिलांनी दुःखी स्वरात समजावले. ती रात्र कशी काढली ते त्या मुलालाच ठाऊक. त्या दिवसापासून त्याने चमच्याने खाण्याचे पदार्थ वर्ज्य केले. कोणी हसू नये म्हणून तो एकटा जेवू लागला. मूल हट्टी झाले, घुमे झाले, माणसांत मिसळेनासे झाले, अशी तक्रार आपण कितीदा ऐकतो. त्यामागे असे एखादे हसू दडलेले असते, याची घरच्यांना जाणीवही नसते.

लवकरच ताहाला गावच्या कुत्ताबमध्ये घातले. कुत्ताब म्हणजे आपल्याकडील मकतब. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कुरआन शिकविण्याची ती पद्धत कानावर आणि स्मरणावर उभी होती. उस्तादांनी म्हणावे, मुलांनी ऐकावे, घोकावे आणि पुन्हा म्हणून दाखवावे. ही पद्धत कोणी अंध मुलांसाठी मुद्दाम काढलेली नव्हती, पण तिच्यामुळे अंध ताहा डोळस मुलांच्या शेजारी, त्याच चटईवर बसून, त्यांच्याइतकेच शिकू शकला. त्याच्यासाठी वेगळी शाळा लागली नाही की वेगळा वर्ग लागला नाही. वयाची नऊ वर्षे पूर्ण होण्याआधी त्याने कुरआन मुखोद्गत केला. वडील त्याला कौतुकाने शेख म्हणू लागले.

परंतु त्याच पद्धतीचा दोषही त्याने सोसला. हिफ्ज पूर्ण झाल्यावर त्याची उजळणी कोणी घेईना. पाठ झालेले हळूहळू विसरू लागले, हे ना उस्तादांच्या लक्षात आले, ना घरच्यांच्या. एकदा वडिलांनी पाहुण्यांसमोर त्याला एक सूरा म्हणावयास सांगितली. ती व तिच्या पुढच्या दोन्ही सूरा जवळजवळ सारख्याच अक्षरांनी सुरू होतात. मुलगा गोंधळला. एकही त्याला पुढे नेता येईना. वडिलांची मान खाली गेली आणि मुलाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. त्यानंतर रोज त्याचा पाठ ऐकण्याचे काम उस्तादांनी आपल्या अरीफावर, म्हणजे वर्गावर देखरेख करणाऱ्या मोठ्या मुलावर, सोपविले. त्याला खाण्याचे जिन्नस देऊन पाठ चुकविता येतो, हे ताहाला लवकरच कळले. मुलगा हुशार होता, अंध होता, आणि इतर मुलांसारखा लबाडही होता. त्याचा दर्जा खालावला तो बुद्धी नव्हती म्हणून नव्हे. त्याच्याकडे नियमाने, आपुलकीने लक्ष देणारे कोणी नव्हते, हे त्याचे खरे कारण होते.

१९०२ साली, तेरा वर्षांचा असताना, थोरल्या भावाबरोबर तो कैरोस आला आणि अल्-अझहर या हजार वर्षांच्या जुन्या विद्यापीठात दाखल झाला. प्रवेशासाठी कुरआनची तोंडी परीक्षा होती. परीक्षकाने त्याला नावाने न बोलावता, आंधळा म्हणून पुकारले आणि परीक्षा संपल्यावर पुन्हा त्याच शब्दाने निरोप दिला. तो उत्तीर्ण झाला, पण परीक्षेच्या निकालापेक्षा तो शब्दच त्याच्या मनात आयुष्यभर राहिला. घरात त्याच्यासमोर असा उल्लेख करण्याचे सारे टाळीत. बाहेरच्या जगाची ओळख मात्र त्याच शब्दाने झाली. शिक्षकाच्या तोंडून सहज निघालेला शब्द मूल किती काळ वागविते, हे येथे दिसून येते.

कैरोतील पहिले दिवस फार हलाखीचे गेले. अझहरकडून मिळणारी भाकरी आणि काकवी यांवर दिवस निघत. त्या भाकरीत कधी काड्या निघत, कधी खडे. घरी गेल्यावर मात्र आईवडिलांना वाईट वाटू नये म्हणून आपले उत्तम चालले आहे असे तो सांगे. पण भुकेपेक्षा एकटेपणाचा त्रास अधिक होता. भाऊ त्याला पाठाला नेऊन बसवी, परत आणी, खोलीत एका कोपऱ्यात बसवी आणि आपल्या मित्रांकडे निघून जाई. दिवस मावळला तरी अंधाला दिवा कशाला म्हणून दिवा लागत नसे. तो तासन् तास एका जागी बसून शेजारच्या खोल्यांतील बोलणे, हसणे आणि पुस्तकांवरील चर्चा ऐकत राही. भाऊ दुष्ट नव्हता. तो आपले कर्तव्य करीत होता, पण कर्तव्यापलीकडची सोबत त्याला सुचली नाही.

हा प्रश्न सुटला तो एका समवयस्क मुलामुळे. ताहाचा मावसभाऊ कैरोस शिकावयास आला आणि दोघे एकत्र राहू लागले. दोघे बरोबर पाठाला जात, बरोबर जेवत, एक वाची आणि दुसरा ऐके. मग दोघे मिळून वाद घालीत. ताहाचे जग त्या दिवसापासून बदलले. त्याला वाचून दाखविणारा मिळाला, एवढेच याचे महत्त्व नाही. बरोबरीने वागविणारा मिळाला, हे अधिक मोलाचे. अपंग मुलाला शिक्षकाची आणि पालकाची गरज असते हे आपण जाणतो. वर्गातल्या एका मित्राची गरज तितकीच असते, हे आपण विसरतो. विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे.

अल्-अझहरमध्ये ताहाने व्याकरण, फिकह आणि अरबी साहित्य यांचा अभ्यास केला. पण जुन्या पठडीतील शिक्षणाबद्दल त्याला असमाधान वाटू लागले आणि ते तो बोलूनही दाखवी. १९०८ साली कैरोत नवे इजिप्शियन विद्यापीठ उघडले आणि तरुण ताहा हुसेन तेथील व्याख्यानांना जाऊ लागले. तेथे इतिहास, साहित्य आणि पौर्वात्य भाषा या विषयांवर इजिप्शियन विद्वान आणि नाल्लिनोसारखे युरोपीय अभ्यासक व्याख्याने देत. या नव्या विद्यापीठातही ज्ञान कानावाटेच येई आणि ऐकण्याची सवय तर ताहांना मकतबापासूनच होती. १९१२ साली अझहरच्या आलिम पदवीच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. पण मे १९१४ मध्ये अबुल अला अल्-मअर्री या अकराव्या शतकातील अंध अरबी कवीवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. नव्या विद्यापीठाने दिलेली ही पहिली डॉक्टरेट होय. हा कवीदेखील लोकांच्या हसण्याला भिऊन एकांतात जेवत असे. त्याची मनःस्थिती ताहांइतकी दुसऱ्या कोणाला समजली असती?

उच्च शिक्षणासाठी फ्रान्सला जाण्याची इच्छा त्यांनी विद्यापीठाकडे पूर्वीच कळविली होती. ते अंध आहेत आणि माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नाही, अशा अडचणी पुढे करण्यात आल्या. त्यांनी वाद घालण्यात वेळ दवडला नाही. ते फ्रेंच शिकत राहिले आणि पुनःपुन्हा अर्ज करीत राहिले. डॉक्टरेट मिळाल्यावर त्यांना पाठविण्यात आले. १९१४ च्या अखेरीस ते माँपेलिए येथे दाखल झाले. तेथे त्यांनी ब्रेल लिपीचे शिक्षण घेतले, पण ती त्यांच्या अंगवळणी पडली नाही. ज्ञान कानांनी घेण्याची त्यांची सवय इतकी पक्की झाली होती की बोटांनी वाचणे त्यांना संथ आणि कंटाळवाणे वाटे. ब्रेल लिपीने जगातील असंख्य अंधांना स्वावलंबी केले, यात शंका नाही. परंतु अंध म्हणजे सारे एकाच साच्यातले, असेही नाही. एकाला बोटांनी वाचता येते, दुसऱ्याला कोणी वाचून दाखविलेले अधिक मानवते. म्हणून उपाय ठरविण्यापूर्वी त्या मुलाला काय साधते ते पाहिले पाहिजे.

विद्यापीठाच्या आर्थिक अडचणींमुळे १९१५ मध्ये त्यांना काही महिने मायदेशी परतावे लागले. त्या वर्षाच्या शेवटी ते पुन्हा फ्रान्सला गेले आणि पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात शिकू लागले. सुझान नावाची एक फ्रेंच युवती त्यांना पुस्तके वाचून दाखवी. ऑगस्ट १९१७ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि ही सोबत ताहांच्या अखेरपर्यंत टिकली. तेथील पदवीसाठी लॅटिन आवश्यक होते, तेही वयाच्या पंचविशीनंतर त्यांनी शिकून घेतले. १९१८ साली थोर मुस्लिम इतिहासकार इब्न खल्दून यांच्या सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून त्यांनी फ्रान्सची डॉक्टरेट मिळविली. १९१९ मध्ये ते कैरोस परतले आणि ज्या विद्यापीठाने त्यांना घडविले, त्याच विद्यापीठात ग्रीक व रोमन इतिहासाचे अध्यापक झाले.

त्यांचे पुढील आयुष्य वादळी ठरले. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्लामपूर्व अरबी काव्यावरील त्यांच्या पुस्तकाने मोठी खळबळ उडाली. सरकारी वकिलाकडे तक्रारी गेल्या, चौकशी झाली, १९२७ मध्ये प्रकरण मिटले आणि पुस्तक सुधारलेल्या स्वरूपात निघाले. त्यांच्या त्या मतांशी अनेक विद्वान सहमत झाले नाहीत आणि आजही होत नाहीत. याच सुमारास त्यांनी आपल्या बालपणाची कहाणी लिहिण्यास आरंभ केला. अल्-अय्याम, म्हणजे दिवस, या नावाने तिचा पहिला भाग १९२९ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. आपल्याविषयी ते त्यात तो मुलगा असे म्हणून तिऱ्हाईतासारखे लिहितात. हे पुस्तक अनेक भाषांत गेले आणि इजिप्तच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ते वाचले. वर सांगितलेल्या बालपणाच्या गोष्टी या ग्रंथातूनच जगाला कळल्या.

कला शाखेचे प्रमुख या नात्याने त्यांनी मुलींना विद्यापीठाचे दार उघडण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या विद्यार्थिनी सुहैर अल्-कलमावी यांनी १९४१ मध्ये डॉक्टरेट मिळविली. तो मान त्या विद्यापीठात मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. राजकारणी मंडळींना मानद पदव्या देण्यास ताहांनी विरोध केला, म्हणून १९३२ मध्ये सरकारने त्यांना पदावरून दूर केले. १९३४ मध्ये ते विद्यापीठात परतले आणि १९३६ मध्ये पुन्हा शाखाप्रमुख झाले.

१९३८ मध्ये त्यांनी इजिप्तमधील संस्कृतीच्या भवितव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याचा मोठा भाग शाळांविषयी आहे. गरिबांच्या मुलांसाठी एक प्रकारची शाळा आणि श्रीमंतांच्या मुलांसाठी दुसरी, अशी विभागणी राष्ट्राला घातक आहे, अशी त्यांची मांडणी होती. परीक्षेच्या भीतीने मुलांचे शिक्षण कसे करपते, हे त्यांनी दाखवून दिले. शिक्षकाला पोटापुरता पगार आणि समाजात मान मिळाल्याशिवाय शाळा सुधारणार नाही, हेही त्यांनी आग्रहाने मांडले.

१९४२ पासून ते शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार होते आणि त्या वर्षी स्थापन झालेल्या अलेक्झांड्रियाच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच. प्राथमिक शाळांतील फी त्याच काळात बंद झाली. जानेवारी १९५० मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. ज्याला आंधळा म्हणून पुकारण्यात आले होते, तो मुलगा आता साऱ्या देशाच्या शाळांचा प्रमुख होता. त्यांनी माध्यमिक आणि तांत्रिक शिक्षण विनाशुल्क केले. पाणी आणि हवा यांच्यावर जसा प्रत्येकाचा हक्क, तसाच शिक्षणावरही आहे, ही त्यांची भूमिका इजिप्तमध्ये घरोघर पोहोचली. इमारती नाहीत, शिक्षक अपुरे आहेत, एकदम इतकी मुले आली तर दर्जा घसरेल, असा आक्षेप अनेक शिक्षणतज्ज्ञांनी घेतला. तो निराधार नव्हता. वर्ग खरोखरच भरून वाहू लागले. पण दर्जा सुधारेपर्यंत गरिबाच्या मुलाने दाराबाहेर थांबावे, हे ताहा हुसेन यांना मान्य नव्हते. दाराबाहेर थांबणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? जानेवारी १९५२ मध्ये मंत्रिमंडळ गेले, परंतु विनाशुल्क शिक्षणाचे धोरण पुढील राजवटीनेही चालू ठेवले.

२८ ऑक्टोबर १९७३ रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले. त्या वर्षीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते.

हे चरित्र वाचून ताहा हुसेन असामान्य बुद्धीचे होते, आमच्या मुलांचे तसे कुठे, असे म्हणून पुस्तक मिटणे सोपे आहे. पण त्यांची बुद्धी फळाला आली ती कशामुळे, ते पाहावे. ऐकून शिकता येईल असे मकतब मिळाले, बरोबरीने वागविणारा मावसभाऊ मिळाला, अडचणी मांडूनही अखेर दार उघडणारे विद्यापीठ मिळाले, रोज वाचून दाखविणारी पत्नी मिळाली. यांतली एकही गोष्ट चमत्कार नव्हे. प्रत्येक घराला आणि प्रत्येक शाळेला यांपैकी काही ना काही देता येते.

म्हणून पालकांना काही गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. मुलाचे डोळे आले, कान फुटला, ताप उतरेना, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. डॉक्टरांकडे न्यावे. मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेत असेल, हाक मारल्यावर ओ देत नसेल, तोंडी सारे सांगून लिहिताना अडत असेल, तर रागावण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी. त्याचे व्यंग चारचौघांत बोलू नये, भावंडांना हसू देऊ नये. आणि ते लपवूही नये, कारण लपविलेल्या अडचणीवर शाळा उपाय करू शकत नाही.

आपल्या देशात कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमताही त्यांत मोडते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनाशुल्क शिकण्याचा हक्क आहे. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि ते परीक्षेच्या तोंडावर नव्हे, तर वेळेवर काढावे लागते. मुख्याध्यापकांना भेटून हे सारे विचारण्यात कमीपणा नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगणे की प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी. आणि जे मूल एका रीतीने शिकत नाही, त्याला दुसऱ्या रीतीने शिकवून पाहावे.